बटणवालीची दीक्षा

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक लांबुळकं बाक होतं आणि त्यावर दोघीजणी बसायच्या. एक रफूवाली, एक बटणवाली. पुढे गल्ल्यावर मालक, मधल्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी वाफ्या, आणि मागे या दोघी, अशी त्या दुकानाची रचना. रफूवाली फाटलेलं असं जुळवायची की ज्यानं फाडलं त्यालाही जागा सापडू नये. बटणवालीचं बटण एकदा बसलं की बसलं. कापड फाटेल, पण बटण निघणार नाही. मग ते फाटलेलं कापड ती शेजारी सरकवायची. धंदा असा घरच्या घरात फिरायचा.

आणि दोघींचं बोलणं! सकाळी बाकाला बूड टेकलं की जी सुरुवात व्हायची ती संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत. त्यातही कामाची वाटणी होती. रफूवाली बोलायची आणि बटणवाली हसायची. धुवायला टाकलेला कपडा माणसाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढतो. कुणाच्या कॉलरवर कसला डाग, कुणाच्या विजारीला गुडघ्यापाशीच का भोक, कुणाच्या कोटाचं अस्तर एकाच बाजूनं का झिजलं, यावरून रफूवाली अशी एकेकाची कहाणी उभी करायची की तो माणूस समोर आला असता तर त्यालाही नवीन माहिती मिळाली असती. आणि बटणवाली हसायला लागली की बाक हलायचं, बाकामुळे भिंत हलायची, भिंतीपलीकडे वाफ्याची इस्त्री हलायची. वाफ्या तर शपथेवर सांगायचा, की एकदा स्विच बंद असताना त्या दोघींच्या बोलण्याच्या धगीनं त्याच्या हातातली कॉलर करपली. मालकानं त्याचं ऐकून घेतलं, कारण करपलेली कॉलर समोर होती आणि बोलणंही पुढेपर्यंत ऐकू येत होतं.

आता यात झेन कुठून घुसलं? तर रफूवालीनंच घुसवलं. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

झालं असं, की एक दिवस एका काळ्या झग्याला रफू करायचं काम आलं. झगा झेनवाल्या गुरुजींचा. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक रिकामी खोली होती आणि तिथे माणसं येऊन गप्प बसत. गुरुजी पूर्वी दातांचे डॉक्टर होते. लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि त्यांना बोलू द्यायचं नाही, याची त्यांना जन्माची सवय होती. नव्या धंद्यात फक्त तोंडं मिटली. झग्याला उंदरानं भोक पाडलं होतं. रफूवालीनं ते बुजवलं, आणि तिचे गुडघे धरले होते म्हणून पोचवायला बटणवालीला धाडलं. म्हणाली, "जा आणि काय काय दिसतं ते नीट बघून ये. मला सगळं हवंय."

बटणवाली गेली ती दुपार सरल्यावर परत आली.

"काय करतात गं तिथे?"

"भिंतीकडे तोंड करून बसतात."

"आणि?"

"आणि उठतात."

"मग तू इतका वेळ काय करत होतीस?"

"मीही बसले. मला कुणी जा म्हटलं नाही."

रफूवालीला वाटलं, एक दिवसाचं खूळ. पण बटणवाली जात राहिली. तिचा नवरा वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब राहायची, घरी भिंतीच होत्या. त्याच चार लोकांत बसून बघायच्या तर बघू देत, म्हणून रफूवालीनं मनावर घेतलं नाही. उलट त्यावरही दोन-चार किस्से रचले. बटणवाली हसली, पण बाक हललं नाही.

मग एका सकाळी सुई ओवता ओवता बटणवाली म्हणाली, "मी दीक्षा घेतेय."

"म्हणजे डोकं भादरणार?"

"नाही गं. घरीच राहायचं, कामावर यायचं. फक्त सगळ्यांसमोर कबूल करायचं, की बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. आणि काही नियम पाळायचे. मग नुसतं बसायला येणारी राहत नाही आपण. त्यांच्यातली होतो."

"त्यांच्यातली," रफूवाली म्हणाली. "बरं. नियम सांग."

"जीव घ्यायचा नाही."

"कपड्यातली कसरसुद्धा नाही? उत्तम. मला रफूचं काम वाढेल."

"दिलेलं नसेल ते घ्यायचं नाही."

"माझी छोटी कात्री आधी परत कर. पुढे?"

"खोटं बोलायचं नाही."

"वयसुद्धा?"

"नशा करायची नाही. रागाला कवटाळून बसायचं नाही. आपली फुशारकी मारायची नाही." बटणवालीनं दोऱ्याला गाठ मारली, आणि कापडाकडे बघतच म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या दोषांबद्दल बोलायचं नाही."

रफूवालीची सुई कापडात शिरली ती तिथेच राहिली.

"मग आपण बोलायचं काय?"

"बघू. काहीतरी असेलच की."

दोघींनी मनापासून शोधलं. आधी हवेवर बोलल्या. हवा लवकर संपली. मग गुडघ्यांवर बोलल्या. गुडघे काही दिवस पुरले, पण गुडघ्यावर किती हसणार? रफूवालीनं मग ठेवणीतलं बाहेर काढलं. म्हणाली, "अगं, गायनमास्तरांच्या कोटाच्या खिशात दातांची कवळी सापडली. आणि मास्तरांचे स्वतःचे दात तर सगळेच्या सगळे त्यांच्या तोंडात आहेत!" असा किस्सा पूर्वी त्या खोलीत आला असता तर छताची कौलं उडाली असती. बटणवालीचे कान लालबुंद झाले, नाकपुड्या फुगल्या, आणि तिनं समोरच्या वाटीतली मूठभर बटणं उचलून तोंडात कोंबली. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढली नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत ती शिवायची. दीक्षा घेणाऱ्यानं गळ्यात घालायचं एक छोटं वस्त्र स्वतःच्या हातानं शिवायचं असतं. निळ्या कापडाच्या पट्ट्यांना पट्ट्या जोडून, बारीक टाक्यांनी, आणि प्रत्येक टाक्याला मनात 'शरण' म्हणायचं. मशीन चालत नाही, दुसऱ्याचा हात चालत नाही. रफूवालीनं बघितलं आणि म्हणाली, "हे तर लाळेरं आहे."

"असू दे."

"टाके किती आवळतेस! कापड गोळा झालंय बघ. हे बटण नव्हे. आण इकडे, संध्याकाळपर्यंत देते करून."

"नाही गं. माझं मलाच शिवायचंय."

इतक्या वर्षांत बटणवालीनं तिच्या हाताला नाही म्हटलं नव्हतं. रफूवालीनं आपलं काम पुढे ओढलं. शेजारून सुईचा आवाज नव्हे, पण ओठांची पुटपुट ऐकू यायची. शरण, शरण, शरण. ज्या तोंडानं आपल्या प्रत्येक वाक्याला दाद दिली ते तोंड आता भलत्याच कुणाला दाद देत होतं. एखादीचा नवरा दुसऱ्या बाईकडे बघायला लागला की तिला जसं कळतं तसं रफूवालीला कळलं. आणि ही दुसरी बाई कोण, तर भिंत!

इथवर ठीक होतं. माणूस रुसतो, फुगतो, निभावून नेतो. पण पुढे बटणवालीनं जे केलं त्याला नाव काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

ती एक दिवस मधल्या खोलीत गेली आणि वाफ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "मला माफ कर. तुझ्या केसांच्या टोपाला मेलेलं मांजर म्हटलं गेलं होतं, त्यावर मी हसले होते."

वाफ्यानं डोक्याला हात लावला. त्याला वाटत होतं, टोपाचं कुणाला माहीतच नाही. "कोण म्हणालं मांजर?"

"ते मी सांगणार नाही. तो दुसऱ्याचा दोष होईल. मी फक्त हसले, त्याची माफी मागते."

वाफ्यानं उघड्या दारातून मागच्या खोलीकडे बघितलं. बाकावर रफूवाली एकटीच बसली होती.

मग ती पुढे मालकाकडे गेली. मालक बायकोला घाबरून दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतात, असं कुणीतरी म्हणालं होतं त्यावर ती हसली होती. कोण म्हणालं ते सांगणार नाही. मग गायनमास्तरांच्या घरी. तिथे कवळीवर मनातल्या मनात हसल्याची माफी. मास्तरांना बायकोसमोर कवळीची आठवण करून द्यायची काही गरज नव्हती, पण माफी मागणारा माणूस आजूबाजूला बघत नाही. मग बेकरीवाली, मग पोस्टमन, मग कोपऱ्यावरची दोन भावंडं ज्यांच्यात एकच चांगला कोट होता. बटणवाली दारोदार फिरली, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, आणि एकाही ठिकाणी रफूवालीचं नाव काढलं नाही.

आठवड्याच्या आत वाफ्या रफूवालीच्या वाट्याचे कपडे जमिनीवर टाकायला लागला. मालक पूर्वी तिला 'आमच्या बाई' म्हणायचा, तो 'अहो रफू' म्हणायला लागला. बेकरीवाली तिला पाव द्यायची, पण कालचा.

"तू माझी राखरांगोळी केलीस!" रफूवाली बाकावरून उठून ओरडली. "सगळ्या गावाला सांगितलंस!"

"तुझं नावसुद्धा नाही घेतलं गं मी. तुझ्या गळ्याची शपथ."

"नाव कशाला हवंय? या खोलीत तुझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण? बाक? बाक बोलतं का?"

बटणवालीच्या खरोखरच हे ध्यानात आलं नव्हतं. तिचं तोंड उघडं राहिलं. पण ध्यानात आल्यावर माणूस थांबतो म्हणता? ती खाली बसली, लाळेरं मांडीवर घेतलं, आणि फार हळू म्हणाली, "एकच राहिलंय. तुझ्या सुनेचं."

रफूवाली परत बाकावर बसली.

सूनबाई बस चालवायची. दणकट हाडापेराची, मोठ्यांदा हसणारी. ती घरात हसली की रफूवाली कामावर येऊन सांगायची, "आज पुन्हा हॉर्न वाजला." तिचा स्वयंपाक, तिचे बूट, तिची जांभई, रफूवालीच्या दुकानातला हा रोजचा माल होता. मुलगा कामानिमित्त महिनोन् महिने बाहेर. घरात सासू आणि सून दोघीच. सूनबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सासूला आई म्हणायची. त्या दिवसांत तर ती स्वतः शिडीवर चढून घरातली सगळ्यात उजेडाची खोली रंगवत होती. आईंना रफूला उजेड लागतो म्हणून.

पण हॉर्न आणि बूट यांची गोष्ट नव्हती. दोन वर्षांपूर्वी सूनबाईचं मूल पोटातच गेलं. ती पुष्कळ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. आणि त्याच दिवसांत कधीतरी, कसल्यातरी रागाच्या भरात, रफूवाली बाकावर बसून म्हणाली होती, "बरंच झालं. जिला शर्टाचं बटण लावता येत नाही ती मूल काय सांभाळणार!"

आणि बटणवाली हसली होती.

"बटण म्हणालीस म्हणून हसू आलं गं," बटणवाली म्हणाली. "दुसरं काही नाही. पण आलं ना. भिंतीसमोर बसले की तेच हसू ऐकू येतं मला. माझं मलाच."

"तिला तू एक शब्द सांगायचा नाहीस."

"मी तुझं नाव..."

"अगं, माझ्या घरात येऊन तू माझं नाव घेणार नाहीस! ती विचारेल कोण म्हणालं, तर काय सांगशील? गायनमास्तर म्हणाले?" रफूवालीनं आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात धरले. "हे बघ, मला दुसरं घर नाही. मुलगा बाहेर असतो. ती आहे म्हणून मी आहे. पाया पडते तुझ्या."

"तिची माफी न मागता मी दीक्षेला कशी उभी राहू?"

"नको उभी राहूस! कुणी बोलावलंय?"

बटणवालीनं हात सोडवून घेतले आणि सुई उचलली. रफूवालीनं त्या घटकेपासून तिच्याशी बोलणं टाकलं.

दीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा बटणवालीनं दुपारची सुट्टी घेतली. रफूवालीला वाटलं, गेली असेल आपल्या भिंतीकडे. तिनं विचार केला, मुळावरच घाव घालू. गुडघे सावरत ती सायकलच्या दुकानावरचा जिना चढली. गुरुजी एकटेच जमीन पुसत होते. तिनं रफू केलेला झगा खुंटीवर होता.

"तुमच्या त्या माफीपायी माझं घर मोडतंय," ती दारातूनच म्हणाली.

"कुठली माफी?"

"दीक्षेआधी दारोदार जाऊन मागायची ती."

गुरुजींनी फडकं बादलीत सोडलं. "आम्ही असं काही सांगत नाही. समारंभाच्या सुरुवातीला सगळे मिळून एक श्लोक म्हणतात. माझ्या हातून, तोंडून, मनातून जे जे वाईट घडलं ते सगळं मी आता कबूल करतो. एवढंच. त्यात कुणाचं नाव येत नाही, कुणाच्या घरी जावं लागत नाही."

"एक श्लोक?"

"छोटाच आहे. चहा गार व्हायच्या आत म्हणून होतो."

रफूवाली दाराच्या चौकटीला टेकली. वाफ्या गेला, मालक गेला, पाव शिळा झाला, आणि ते सगळं नुसतं एका श्लोकात बसत होतं! "मग तिला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. कधी कधी माणसं नव्या कपड्यासारखे नियम घालून बघतात. आरशासमोर जरा जास्तच वळतात," गुरुजी म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी. संध्याकाळी येईल ती बसायला."

"संध्याकाळी? ती दुपारपासून इथे नाही?"

"नाही."

मग गुडघे कसले आणि काय कसले. रफूवाली तो जिना अशी उतरली की सायकलवाल्याला वाटलं वरून कपाट पडलं. रस्त्यानं ती धावली. लोक आजही सांगतात, की त्या दिवशी तिनं एक बस मागे टाकली; बस थांब्यावर उभी होती हे सांगत नाहीत, एवढंच. ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोचली तर समोरून बटणवाली येत होती. मान खाली, पिशवी छातीशी. तिनं रफूवालीला बघितलं, दचकली, आणि काही न बोलता रस्ता ओलांडून चक्क पळाली.

झालं. सांगून झालं.

घराचं दार उघडंच होतं. उजेडाच्या खोलीत सूनबाई शिडीच्या पायरीवर बसली होती. हाताला पिवळा रंग, बाजूला कॉफीचे दोन रिकामे कप. आणि डोळे रडून लाल. तिनं वर बघितलं, ती काहीतरी बोलणार एवढ्यात रफूवालीनं तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

"मला माफ कर, बाळ. मी रागात बोलले होते. तुझं मूल गेलं ते बरं झालं असं माझ्या मनात नव्हतं गं. जीभ सुटली माझी. बटण लावता येत नाही तिला मूल काय, असं मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले, आणि ती भवानी हसली, आणि आता आपल्या पुण्यासाठी तिनं येऊन तुला..."

ती थांबली, कारण सूनबाईचा चेहरा बदलत होता. रडून लाल झालेला चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"काय म्हणालात तुम्ही?"

"तिनं सांगितलं ना तुला?"

"मावशींनी? त्या तर म्हणाल्या..." सूनबाईनं रंगाचे हात कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. "मी त्यांना ही खोली दाखवली. म्हटलं, आईंना आवडेल ना? माझ्याबद्दल काय म्हणतात आई कामावर? तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, तुझी सासू दिवसभर तुझंच कौतुक करते. तू बस वळवतेस ते किती ऐटीत, तू घरात हसलीस की तिला किती बरं वाटतं. बाळ गेलं तेव्हा तुम्ही त्या बाकावर बसून माझ्यासाठी रडला होतात, म्हणाल्या. मी आत्ता त्याचंच रडत होते."

रफूवालीनं हात पुढे केला. सूनबाईनं आपले पाय शिडीच्या वरच्या पायरीवर घेतले.

"मला कळलंय असं वाटलं म्हणून माफी मागितलीत ना?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कळलं नाही असं वाटलं असतं तर?"

"मी..."

"तुम्ही बोलून मोकळ्या झालात, आई. आता मी हे कुठे ठेवू?"

ती उठली आणि भिंतीचा उरलेला कोपरा रंगवायला लागली. हात नीट चालत होता, ओघळ येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खोली तयार झाली. सूनबाईनं रफूवालीची खुर्ची उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवली. ताट वाढलं, गुडघ्याचं औषध आणून दिलं, मुलाचा फोन आला तेव्हा "आई ठीक आहेत" म्हणाली आणि फोन दिला. त्याला तिनं काहीही सांगितलं नाही, रफूवाली भिंतीला कान लावून होती. भांडली असती तर बरं. भांडणाला रफूवालीकडे उत्तरं होती, सगळ्या मापांची. पण सूनबाई हसायची बंद झाली होती आणि त्याला उत्तर नव्हतं.

त्या दिवशी रफूवाली कामावर गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेली, पण त्या दिवशी दीक्षा होती आणि बटणवालीची जागा रिकामी होती. वाफ्या, मालक, एवढंच काय, गायनमास्तरसुद्धा तिकडे गेले होते. ज्यांची माफी मागितली गेली त्यांना दीक्षेचं भारी कौतुक! रफूवाली एकटी बाकावर बसली. मनात म्हणाली, उद्या येऊ दे तिला. खोटं बोललीस ते बोललीस, चांगलं बोललीस, पण मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? गल्लीत थांबली असतीस तर? "मी काही सांगितलं नाही," एवढं म्हटलं असतं तर? रस्ता ओलांडून पळालीस!

सकाळी बटणवाली आली. गळ्यात ते निळं लाळेरं, एका बाजूला अजून गोळा झालेलं. चेहरा मात्र असा दिसत होता, जणू कुणीतरी तो धुऊन, वाळवून, घडी घालून दिलाय. ती जपून बाकाच्या आपल्या टोकाला बसली.

"तुला मी विश्वासघातकी म्हणणार होते," रफूवाली म्हणाली.

"म्हण."

"गल्लीतून पळालीस का?"

"लाज वाटली. दोन दिवसांनी खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घ्यायची, आणि तुझ्या सुनेला बसून एवढं खोटं सांगितलं. दोन कप कॉफीचं. दार उघडलं तिनं, हाताला रंग, मला ओढत नेऊन खोली दाखवली. माझं तोंडच उघडेना. आणि उघडलं तेव्हा भलतंच आलं." बटणवाली जराशी हसली. "छान जमलं होतं गं. तुझ्यासारखं. मी गुरुजींना सगळं सांगितलं. म्हटलं, आता कशी घेऊ दीक्षा? ते म्हणाले, नियम मोडल्याचं जिला कळतं तिनंच घ्यावी."

"मी तिला खरं सांगितलं."

"कुणाला?"

"सुनेला. तू गेलीस आणि मी आले. मला वाटलं, तू सांगून गेलीस. सगळं बोलले. बरंच झालं म्हणाले होते, तेसुद्धा."

बटणवालीच्या हातातली वाटी कलंडली आणि बटणं खोलीभर गेली. दोघींपैकी कुणी उचलायला वाकलं नाही.

"म्हणजे माझं सगळं वाया गेलं?" ती म्हणाली.

"नाही गेलं अजून." रफूवाली बाकावरून तिच्याकडे सरकली. इतकी, की गुडघ्याला गुडघा लागला. "ऐक. तू जा तिच्याकडे. आज, आत्ता. सांग, म्हातारीचं डोकं फिरलंय. असं काही ती कधी बोललीच नव्हती. म्हण, मी होते ना तिथे, मी शेजारीच होते, ती रडली होती. तुझं तिला पटेल. तुझ्या गळ्यात आता हे आहे, तुझं कुणालाही पटेल. तिला पटवून घ्यायचंच असेल बघ, अगं, तिलाही ते नकोच असेल."

बटणवालीचे डोळे भरून आले. मग तिनं नाही अशी मान हलवली.

"परवा सांगितलं असतंस तर गेले असते," ती म्हणाली. "परवा तू कामावरच आली नाहीस."

"मग काय बिघडलं? आज जा."

"काल घेतली गं मी."

"माझ्यासाठी नाही जाणार?"

"तुझ्यासाठीच एकदा बोलले. आता नाही येत."

रफूवालीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं या तोंडानं तिच्या प्रत्येक शब्दाला साथ दिली होती. खोट्याला, खऱ्याला, नको त्याला. आणि आता एकदाच, एका खोट्यावर तिचं घर टेकलं होतं, तर ते तोंड खरं बोलायला बसलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण पलीकडे वाफ्या कान देऊन उभा असणार हे तिला ठाऊक होतं.

बाक एकच होतं आणि उठून जायला दुसरी जागा नव्हती. तिनं पुढचा फाटका कोट ओढला, पाठ फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून रफूला बसली.